पंपाची किल्ली आणि जुनं पान

करंजगावात लग्नाची पत्रिका छापून आली की ती छायाच्या दारावरनं मिरवत न्यायची नाही, असं लोकांनी आपापसांत ठरवूनच टाकलं होतं. बाई पत्रिका हातात घेते, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढते आणि बोट ठेवते. मुहूर्ताचा वार आणि तारीख जुळत नाही. आणि तिनं बोट ठेवलं की ते खरंही निघतं, हाच मोठा ताप. गठ्ठा छापून झालेला, निम्मा वाटून झालेला, आणि ही सांगणार की बुधवार नाही, गुरुवार आहे. खोटं बोलणाऱ्या माणसाचा येत नाही एवढा राग अशा वेळी तिचा यायचा.

पोटापाण्याचं कामही तिचं तसलंच. ऐरोलीच्या एका कंपनीत ती यंत्रांची माहितीपुस्तकं लिहायची. कुठलं बटण आधी दाबायचं, कुठलं दाबायचंच नाही. आठवड्यातनं एखाद-दोन दिवस कर्जतवरनं गाडी धरायची, बाकी दिवस घरच्या ओटीवर लॅपटॉप मांडून बसायची. चाळिशीला टेकलेली, लग्न केलेलं नाही. तिची आई आनंदीबाई आल्यागेल्याला सांगायची, "आलेल्या स्थळांच्या कागदांत पन हिनं चुकाच काढल्या. ऱ्हायलं मग ते."

गावाची एक सामाईक मोटर होती, कालव्याच्या कडेला. उन्हाळी भाताला पाणी त्याच मोटरीचं. पाणी सोडायचं काम आबाजीकडं. हा छायाचा चुलतकाका. कुणाची पाळी कधी, कुणाचा बांध फुटतो, कोण दुसऱ्याच्या पाळीत हळूच दार उघडतं, सगळं त्याच्या डोक्यात. पूर्वी तो बॅटरी घेऊन अंधाराचा कालव्यावर जायचा आणि हातानं खटका मारायचा. मग पाणी समितीचा अध्यक्ष प्रवीण, ज्याचं कर्जतच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान, त्यानं रिमोट आणला. घरात बसून बटण दाबायचं, मोटर कालव्यावर चालू.

या रिमोटच्या आतला जो प्रोग्राम, त्याचं नाव 'पाट'. तो कुणा एकाच्या मालकीचा नव्हता. देशोदेशीच्या हौशी मंडळींनी मिळून लिहिलेला. कुणीही फुकट घ्यावा, कुणीही सुधारावा. तो कसा बसवायचा याची माहितीपानं इंटरनेटवर होती आणि त्यातलं एक मराठीत होतं. प्रवीणनं ते उघडून, एकेक ओळ वाचत वाचत बसवलं. पानात लिहिलं होतं की रिमोटचा हुकूम रेडिओवरनं जातो, तो कुणी मध्येच चोरू नये म्हणून कुलूपबंद करून पाठवतात. याला एन्क्रिप्शन म्हणतात. कुलपाला किल्ली हवी. किल्ली म्हणजे इंग्रजी आठ अक्षरांचा शब्द, आणि तो सगळ्या गटाच्या लक्षात राहील असा निवडा.

आता गावात सगळ्यांच्या लक्षात राहील असा शब्द ठरवायचा म्हणजे बैठक आली. प्रवीणनं आपल्या वडलांचं नाव सुचवलं, कारण पंपाची जागा त्यांनी दिलेली. तेवढ्यावर वरच्या आळीची माणसं उठून जायला निघाली. मग दुसऱ्या कुणाचं नाव आलं तर खालची आळी उठली. शेवटी देवीवर आलं. जाखमाता. इंग्रजीत लिहिलं तर बरोब्बर आठ अक्षरं. देवीच्या नावाला नाही कोण म्हणणार? सगळ्यांनी हात वर केले आणि किल्ली ठरली.

त्यावर दोन हंगाम निघाले. यंदा भात पोटरीत आलं असताना साफसफाईसाठी कालव्याचं पाणी चार-सहा दिवस बंद झालं. पंपाची विहीर कोरडी. आणि त्यातल्याच एका दुपारी मोटर आपसूक चालू झाली. कोरडीच फिरत राहिली. जळका वास शेतापर्यंत आला तेव्हा माणसं धावली, पण तोवर आतली गुंडाळी काळी पडली होती.

संध्याकाळी देवळासमोर बैठक बसली. रिमोट एकच, तो आबाजीकडं. त्यानं खिशातनं काढून पारावर ठेवला.

"मी दाबला नाय," तो म्हणाला.

"मग रिमोटानं सोताच दाबला?" प्रवीणनं विचारलं.

"ते मला काय ठावं."

मागनं कुणीतरी म्हणालं, "घेऊन पडला असंल दुपारचा. कुशीखाली दाबलं गेलं बटण."

"घेतो तवा सांगून घेतो," आबाजी म्हणाला. "त्या दिवशी घेतलेली नव्हती."

माणसं हसली. प्रवीण हसला नाही. त्यानं फोन काढला आणि 'पाट'चं मराठी पान मोठ्यानं वाचलं. ही पद्धत पूर्ण सुरक्षित आहे. गटाच्या रिमोटशिवाय दुसऱ्या कुणालाही मोटर चालू करता येत नाही.

"हे मी बोलत नाय. हितं लिवलंय. आता रिमोट तुझ्याकडं, तर दाबलं कुनी? तूच सांग."

आबाजीला वाचता येत नव्हतं. लिहिलेल्यापुढं तो काय बोलणार? त्यानं टोपी काढली, झटकली, परत घातली. त्याच बैठकीत प्रवीणनं रिमोट स्वतःच्या खिशात टाकला आणि गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं: श्री. आबाजी कोंडाजी ठोंबरे यांच्या हलगर्जीपणामुळे सामाईक मोटर जळाली असून त्यांना कामावरून कमी करण्यात येत आहे. सर्वांनी नोंद घ्यावी. ग्रुपमध्ये मुंबईला गेलेली पोरं, परगावी दिलेल्या मुली, सोयरे, सगळेच होते. आबाजीच्या लेकीचा नेरळवरनं फोन आला, तेव्हा त्यानं तो घेतला नाही.

छायाला हे ऐरोलीहून आल्यावर कळलं. ती काकाकडं गेली तर तो ओसरीवर सुतळी वळत बसलेला.

"काका, तुम्ही दाबलं नाही ना?"

"तू पन इचार आता."

ती गप घरी आली आणि ते पान उघडून वाचायला बसली. वाचता वाचता तिचं डोकं तापलं. कुलपाची जी पद्धत पानानं 'पूर्ण सुरक्षित' म्हणून सांगितली होती ती फोनला वायर असायची त्या काळातली. जाणकारांनी ती कधीच मोडीत काढलेली. आठ अक्षरांची किल्ली आजचा संगणक बसल्या बसल्या शोधून काढतो. शिवाय त्या पद्धतीत एका किल्लीचे सगळे रिमोट सारखेच. हुकूम कुठल्या रिमोटवरनं आला हे मोटरीला कळतच नाही. प्रोग्राममध्ये नवी पद्धत कधीपासून तयार होती, प्रत्येक रिमोटला वेगळी लांबलचक किल्ली, ती यंत्रानंच बनवायची, माणसानं ठरवायचीच नाही. फक्त पान कुणी बदललं नव्हतं. प्रोग्राम पुढं गेला, पान तिथंच बसून राहिलं, आणि गावोगाव माणसं त्या पानाला हात जोडून तेच बसवत होती.

पान बदललं की आबाजीवरचा आळ जाईल, असं तिला सरळ वाटलं. ज्या पानावर त्याला दोषी धरलं तेच पान म्हणेल की हा हुकूम कुणीही देऊ शकतं. रविवारी दुपारी बसून तिनं पान नव्यानं लिहिलं, पुराव्याला जाणकारांचे दाखले जोडले आणि 'पाट'च्या मंडळींकडं पाठवून दिलं.

उत्तरच येईना. मोटर कर्जतला नवी गुंडाळी भरायला गेलेली, प्रवीणनं भाड्याचं डिझेल इंजिन आणलेलं, ते दिवसभर ठणठणत होतं, आणि पाणी सोडायला जो नवा माणूस ठेवला त्याला पाळ्या माहीत नव्हत्या. रोज बांधावर भांडण. आबाजी घरात.

मग उत्तर आलं. पानांचं काम बघणारा राजेश म्हणून पुण्यातला कुणी होता. त्यानं लिहिलं, मुद्दा रास्त आहे, पण एका सुधारणेत एकच गोष्ट बदलावी असा आपला नियम आहे, तुम्ही तीन बदलल्यात. छायानं तिचे तीन तुकडे केले. मग कळलं की मराठी पान हा इंग्रजी पानाचा अनुवाद, तेव्हा आधी इंग्रजी बदला. तिनं इंग्रजी बदललं. त्यावर कुठल्या दूरदेशीचा एक गृहस्थ उगवला. जुनी पद्धत 'धोकादायक' म्हणू नका, 'शिफारस केली जात नाही' म्हणा, नाहीतर जुनी यंत्रं वापरणारे घाबरतील. छायानं लिहिलं, घाबरलेच पाहिजेत. तो म्हणाला, सूर सौम्य ठेवा. या एका शब्दावर आठवडा गेला. तिनं शब्द मऊ करून दिला तर सगळे गप. आणि मग एका सकाळी यंत्राचा आपोआप संदेश: या विषयावर हालचाल नसल्यामुळे हा विषय बंद करण्यात येत आहे.

छायानं लॅपटॉप असा आपटून मिटला की आनंदीबाई तांदूळ निवडता निवडता थांबली.

"कुनाशी भांडतेस गं?"

"यंत्राशी."

"ते तरी उत्तर देतंय का?"

"देतंय. दार लावलं म्हणून."

"मग आबाजीकडं जाऊन ये. त्यानं सुतळी वळून वळून घर भरलंय. गुरं नायत त्याच्याकडं, बांधणार काय हाय?"

ती गेली नाही. काय सांगणार होती जाऊन? तिनं राजेशचा नंबर हुडकला आणि फोन लावला. तिकडं कुकरची शिट्टी आणि पोरांचा गलका.

"मॅडम, मी हे काम नोकरी सांभाळून फुकटात करतो," राजेश म्हणाला. आवाज दमलेला. "आणि खरं सांगू का, ते पान आता कुणी वाचत नाही. सगळ्यांना माहितीये ते जुनं आहे."

"आमच्या गावानं वाचलं. मोठ्यानं वाचलं. त्या पानावर माझ्या काकांचं काम गेलं."

"कसं काय?"

तिनं सांगितलं. त्याच दिवशी दोन्ही पानं बदलली.

छाया पान घेऊन तडक प्रवीणच्या दुकानात गेली. तो गिऱ्हाईकाला पाइपाचे सांधे मोजून देत होता. तिनं फोन त्याच्यापुढं धरला. त्यानं शांतपणे वाचलं, बोटानं खाली खाली गेला, आणि तळाशी थांबला.

"शेवटचा बदल, छाया ठोंबरे," तो म्हणाला. "म्हंजे हे तूच लिवलंस."

"मी लिहिलं. पण दोघातिघांनी तपासून मग लावलंय."

"आनि आबाजी तुझा कोण?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"मग मी पन उद्या लिवतो, प्रवीणशेठ लई चांगला मानूस हाय. लावतील?" गिऱ्हाईक हसलं. प्रवीणला चेव आला. "आनि समज खरं असंल. पन मोटर जळाली त्या दिवशी हे पान असं व्हतं का? नव्हतं. तवाचं जे पान, ते तवाला लागू."

"पान म्हणजे काय सरकारी जीआर आहे? अरे, कुलूप तेव्हाही तकलादूच होतं. पानावर नव्हतं एवढंच."

"मग तवा का नाय बोललीस? लोकांच्या पत्रिका तपासतेस, गावाच्या पंपाचं पान तपासायला काय झालं व्हतं?"

तिला कुणी विचारलं नव्हतं हे खरं, पण पत्रिकाही कुणी विचारून दाखवत नव्हतं. ती पाय आपटत बाहेर आली आणि स्कूटरला दोनदा किक बसली नाही तेव्हा स्कूटरलाही बोलली.

दोन दिवसांनी तिनं पान उघडलं तर त्याच्याखाली एक प्रश्न आलेला. नमस्कार मॅडम, मी नदीपलीकडच्या हेदपाड्याचा स्वराज. पान बदललेलं वाचलं. आम्ही नुकतंच जुनं पान बघून बसवलंय. आमची किल्ली जाखमाता आहे, पंप नंबर एक. ही बदलावी लागेल का?

पहिल्यांदा तिला संतापच आला. घराची किल्ली चौकात टांगून विचारतोय की कुलूप चांगलं आहे का. त्याला चार शब्द सुनवायला तिनं बोटं उचलली, आणि मग ती ओळ परत वाचली.

हेदपाडा म्हणजे मुळात करंजगावचीच माणसं. नदीपलीकडं जमिनी म्हणून तिकडं जाऊन राहिलेली, पण देवी वेगळी केली नाही. पालखी एकच, ती दोन्ही गावांत फिरते. म्हणजे त्यांनीही तेच पान वाचलं, त्यांच्यातही नावावरनं भांडण झालं असणार, आणि तीही देवीवरच आली. पंप नंबर एक तर सगळेच ठेवतात, पानातल्या उदाहरणात तोच आहे. एक किल्ली, एक नंबर, आणि मध्ये नुसती नदी.

ती पूल ओलांडून हेदपाड्यात पोचली. स्वराज पंचविशीचा, गोठ्याच्या भिंतीला टेकून बसलेला.

"पहिल्यांदा बटण कधी दाबलंस?" तिनं विचारलं.

"कालव्याची साफसफाई चालली व्हती ना, तवाच. एका दुपारी. आमचा पंप नदीवर, आमाला कालव्याचं काय?" मग तिचं तोंड बघून तो जरा सरळ बसला. "का वो ताई, काय झालं?"

"तुझ्या बटणानं आमची मोटर जळाली."

"हितनं?"

"हितनं."

दुसऱ्या दिवशी तिनं समितीला पंपाच्या खोलीत गोळा केलं. प्रवीण कुरकुरत आला. आबाजीला आनंदीबाईनं अक्षरशः हाताला धरून आणला. मोटरीची जागा रिकामी होती, पण रिमोटचा हुकूम झेलणारी भिंतीवरची स्टार्टरची पेटी जागेवर होती. छायानं तिला वीज जोडली आणि प्रवीणला विचारलं, "रिमोट कुठाय?"

"माझ्या खिशात. का?"

"राहू दे तिथंच. हात बाहेर ठेव." मग ती फोनवर म्हणाली, "स्वराज, दाब."

पेटीत खट् वाजलं आणि हिरवा दिवा लागला. "बंद कर," ती म्हणाली. खट्. दिवा गेला. "परत दाब." खट्.

प्रवीणनं खिशातनं रिमोट काढला आणि उलटापालटा करून बघितला.

"काय रं," आबाजी म्हणाला, "कुशीखाली आला काय?"

सगळी खोली हसली. प्रवीणचे कान लाल झाले. पण समितीचा अध्यक्ष तो, त्यानं घसा साफ केला.

"बरं. झालं ते झालं. हेदपाड्याची चूक हाय, आपली नाय. विषय संपला."

"ग्रुपवर लिही," छाया म्हणाली.

"आता कशाला? तो मेसेज कवाच वर गेला. कुनी वाचत नाय आता."

हे वाक्य तिनं नुकतंच पुण्याच्या फोनवर ऐकलेलं होतं. तिचा चेहरा बघून प्रवीणनं मुकाट्यानं फोन काढला, बोटं चालवली आणि दाखवलं.

"वाच गं," आबाजी म्हणाला.

तिनं वाचलं: तांत्रिक बिघाडामुळे सामाईक मोटर जळाल्याचे निष्पन्न झाले आहे. सर्वांनी नोंद घ्यावी.

"माझं नाव कुठं हाय?"

"नाव कशाला?" प्रवीण म्हणाला. "लोकांना कळतंय."

"घालताना बापाच्या नावासकट घातलंस. काढताना नाव नाय?"

छायानं फोन हातात घेतला. श्री. आबाजी कोंडाजी ठोंबरे यांची कोणतीही चूक नव्हती. चूक समितीची होती. प्रवीण म्हणाला, समितीची कशी, पानाची चूक. ती म्हणाली, पान वाचून माणसाला काढलं कुणी? तो म्हणाला, 'चूक' नको, 'गैरसमज' लिव. ती म्हणाली, गैरसमज तुझा, नाव त्याचं गेलं. दूरदेशीच्या त्या गृहस्थाशी एका शब्दावर आठवडाभर झोंबलेली बाई ती. तिच्यापुढं प्रवीण किती टिकणार? संदेश तिच्या शब्दांत गेला. खाली एकानं अंगठा टाकला. मुंबईच्या कुणी विचारलं, कुठली मोटर? ग्रुपवर त्याच्यापुढं कुणी काही बोललं नाही, पण आबाजीचा फोन वाजला. नेरळची लेक. त्यानं या वेळी उचलला, "हां, वाचलंस? बरं," एवढंच बोलला आणि ठेवला.

मग प्रवीणनं रिमोट त्याच्यापुढं धरला. आबाजीनं हात मागं घेतला.

"नको. मी हातानं खटका मारीन पयल्यासारखा. चालत जाईन."

"काका, आता नवी किल्ली घालतेय मी," छाया म्हणाली. "यंत्रानं बनवलेली. ती देवाचीही नाही आणि माणसाचीही नाही. आपला रिमोट, आपलीच मोटर. दुसऱ्याचा हुकूम लागायचा नाही."

"पक्की हाय?"

"पक्की."

"जुन्या पानावर पन पक्की असंच लिवलं व्हतं ना?"

तो चपला घालून निघाला. डिझेल इंजिनाकडं जाता जाता नव्या माणसाला हाक मारून त्यानं सांगितलं की आज पाळी वरच्या आळीची हाय, खालचं दार लाव.

छाया घरी आली ती तणतणतच. एवढी मरमर करून म्हातारा रिमोटला हात लावेना. आनंदीबाईनं चहा पुढं ठेवला, तो निवला. तिनं पान उघडलं, स्वतःच लिहिलेलं नवं पान. दुसऱ्याच ओळीत तिच्या हातचं वाक्य होतं: ही पद्धत सुरक्षित आहे. मग तिनं ते खोडलं आणि लिहिलं, आजच्या घडीला ही पद्धत सुरक्षित मानली जाते, बसवण्याआधी या पानाची तारीख बघा आणि फार जुनी असेल तर या पानावर विश्वास ठेवू नका. इंग्रजी पानावरही तेच केलं, एका सुधारणेत एकच गोष्ट, नियमाप्रमाणे. पाठवून दिलं.

लगेच यंत्राचं उत्तर आलं. आपली सुधारणा रांगेत आहे.